दोन शहरं, दोन टॉवर आणि ढाक्याचा इंजिनिअर

डिझाइनच्या पुस्तकांत उंच इमारतींचं प्रकरण नेहमी शेवटी असतं. तिथपर्यंत पोचेस्तोवर सेमिस्टर संपत आलेलं असतं, सबमिशनची धावपळ चालू असते, आणि ते प्रकरण आपण ओरलपुरतं चाळतो. त्यात फजलुर खान हे नाव एकदा येतं, शिकागोच्या सिअर्स टॉवरचा फोटो येतो, ११० मजले हा आकडा पाठ होतो आणि पान उलटलं जातं. मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांच्या नशिबी तर तेवढंही नसतं.

हा लेख त्याच खानांविषयी आहे. पण मित्रांनो, सिअर्स टॉवर आपण जरा बाजूला ठेवू. कारण हा माणूस इंजिनिअर म्हणून किती मोठा होता हे समजून घ्यायचं असेल, तर शिकागोपेक्षा दोन लहान शहरांत जास्त चांगलं समजतं. एक मिशिगन सरोवराच्या काठावरचं मिलवॉकी आणि दुसरं मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचं न्यू ऑर्लिन्स. १९७० च्या जनगणनेत मिलवॉकीची लोकसंख्या साधारण सात लाख होती आणि न्यू ऑर्लिन्सची सहा लाखांच्या आसपास. अमेरिकेच्या हिशेबात ही मध्यम आकाराची शहरं.

स्कायलाइन म्हणजे शहर लांबून बघितल्यावर आकाशाच्या कडेला उमटणारी इमारतींची रेघ. शिकागोसारख्या शहरात एखादा टॉवर वाढला तरी ती रेघ फारशी बदलत नाही. मध्यम शहराचं तसं नसतं. तिथे एकच इमारत सगळ्या रेघेला आकार देते आणि पोरं चित्र काढताना ती एक इमारत काढून बाकीच्या रेघोट्या मारतात. मिलवॉकीत आणि न्यू ऑर्लिन्समध्ये ती एक इमारत खानांच्या कंपनीची आहे. एक १९७२ साली पूर्ण झाली, दुसरी १९७३ साली. पन्नास वर्षं उलटून गेली, तरी विस्कॉन्सिन आणि लुइझियाना या दोन राज्यांतल्या सर्वात उंच इमारती अजून त्याच आहेत.

आणि गंमत अशी की दोन्हींचा सांगाडा एकमेकांपासून अगदी वेगळा आहे. तो वेगळा का, याचं उत्तर मिळालं की खान कळले असं समजायला हरकत नाही.

गणिताच्या मास्तरांचा मुलगा

फजलुर रहमान खान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ चा, ढाक्याचा. वडील अब्दुर रहमान खान गणिताचे शिक्षक आणि शिक्षण खात्यातले मोठे अधिकारी. त्यामुळे घरात पाठांतराला फारशी किंमत नव्हती. गणित सुटलं, पण का सुटलं हे सांगता आलं नाही, तर ते सुटलं असं धरत नसत. मुलाचा ओढा भौतिकशास्त्राकडे होता. वडिलांच्या सांगण्यावरून तो इंजिनिअरिंगकडे वळला. हा भाग आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ओळखीचा वाटेल!

कलकत्त्याजवळ शिबपूरला बंगाल इंजिनिअरिंग कॉलेज होतं. खान तिथे सिव्हिलला दाखल झाले. दरम्यान १९४७ साली फाळणी झाली आणि घर एका देशात, कॉलेज दुसऱ्या देशात अशी अवस्था झाली. १९५० साली, ऐन शेवटच्या वर्षी, दंगली पेटल्या आणि खानांना ढाक्याला परतावं लागलं. तिथल्या अहसनउल्ला इंजिनिअरिंग कॉलेजातून त्यांनी पदवी पूर्ण केली, तीही पहिल्या नंबरानं. (हेच कॉलेज पुढे बांगलादेशचं इंजिनिअरिंग विद्यापीठ झालं.) परीक्षा आठवडाभर पुढे गेली तर आपण केवढा आरडाओरडा करतो, हे इथे आठवावं.

त्यानंतर थोडे दिवस रस्ते खात्यात नोकरी आणि त्याच कॉलेजात शिकवणं. १९५२ साली फुलब्राइट आणि पाकिस्तान सरकार अशा दोन शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि खान अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले. तीन वर्षांत त्यांनी दोन मास्टर्स डिग्र्या आणि एक पीएचडी मिळवली. १९५५ साली शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या कंपनीत, म्हणजे सगळे जिला एसओएम म्हणतात तिथे, ते नोकरीला लागले.

मग एक वळण आलं. ते मायदेशी परतले आणि कराची डेव्हलपमेंट ऑथॉरिटीत एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाले. पद मोठं, मान मोठा. पण दिवस फायली आणि सह्या यातच जायचा. डिझाइन करायला वेळच उरेना. शेवटी १९६० साली ते शिकागोला, जुन्याच कंपनीत परत गेले. मोठी खुर्ची सोडून ड्रॉइंग बोर्डकडे परत जायचा हा निर्णय त्यांच्या आयुष्यातला सर्वात महत्त्वाचा ठरला असं मला वाटतं. कारण पुढच्या बावीस वर्षांत त्यांनी जे केलं ते सगळं त्या बोर्डवर झालं.

उंचीची किंमत

आता थोडं टेक्निकल. घाबरू नका, फॉर्म्युला एकही नाही.

इमारतीवर दोन प्रकारचे मुख्य भार येतात. एक वजनाचा, जो खाली ओढतो. दुसरा वाऱ्याचा, जो आडवा ढकलतो. मजले दुप्पट केले की वजन साधारण दुप्पट होतं, त्यात आश्चर्य नाही. वाऱ्याचं गणित मात्र फसवं आहे. उंची वाढली की वारा ज्या भिंतीवर आदळतो ती वाढते आणि तळापासून त्याचं अंतरही वाढतं. त्यामुळे तळाशी येणारा मोमेंट उंचीच्या वर्गानं वाढत जातो. झुकणं तर त्याहून वेगानं वाढतं.

त्या काळात कॉलम आणि बीम यांची चौकट करायची आणि सांधे घट्ट करायचे ही रीत होती. वीसेक मजल्यांपर्यंत ती ठीक चालते. पुढे नुसत्या वाऱ्यासाठी इतकं पोलाद ओतावं लागतं की मालक हात वर करतो. या जादा पोलादाला खान उंचीची किंमत समजत. ही किंमत कमीत कमी कशी करायची, हाच त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता.

त्यांनी काढलेला पहिला मोठा तोडगा म्हणजे ट्यूब. आपल्याकडे बांबू सगळ्यांनी पाहिलेला आहे. आतून पोकळ, तरी वादळात मोडत नाही, कारण सगळा माल बाहेरच्या कडेला आहे. खानांनी इमारतीचा बांबू केला. आतले कॉलम कमी केले, बाहेरच्या भिंतीत कॉलम जवळजवळ उभे केले आणि त्यांना जाड बीमनी बांधलं. वाऱ्याशी सगळी बाहेरची भिंत एक होऊन भांडू लागली. शिकागोची ४३ मजली डेविट-चेस्टनट ही अशा प्रकारची पहिली इमारत. तिचे बाहेरचे कॉलम साधारण साडेपाच फुटांवर आहेत.

दुसरं पाऊल म्हणजे १९६९ साली पूर्ण झालेलं जॉन हॅनकॉक सेंटर. १०० मजले, ३४४ मीटर. बाहेरच्या भिंतींवर प्रचंड मोठ्या फुल्या मारल्यासारखे तिरपे मेंबर आहेत. या तिरप्यांमुळे कॉलम दूरदूर ठेवता आले आणि पोलाद वाचलं. १९३१ च्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला दर चौरस मीटरला साधारण २०६ किलो पोलाद लागलं होतं. हॅनकॉकला साधारण १४५ किलो पुरलं. याच कल्पनेवर इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एका विद्यार्थ्यानं आधी थीसिस केला होता. खान तिथे शिकवायचे आणि त्या थीसिसला मार्गदर्शकही होते. तेव्हा फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणजे नुसतं बाइंडिंग करून कपाटात ठेवायची वस्तू, असं कुणी समजू नये.

हॅनकॉकच्या वेळची अजून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. उंच इमारत वाऱ्यात डोलतेच. ती पडणार नाही हे गणितानं सांगता येतं, पण आत राहणाऱ्या माणसाला ते डोलणं कितपत जाणवेल हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं. शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात एका वॉशिंग मशीन कंपनीच्या प्रदर्शनात हलणारा प्लॅटफॉर्म होता. खानांनी माणसं नेऊन त्यावर बसवली, झोपवली आणि कुणाला किती हालचाल जाणवते त्याच्या नोंदी घेतल्या. जगातल्या त्या वेळच्या सर्वात उंच इमारतींपैकी एकीसाठी हा प्रयोग असा जुगाड करून झाला. आपल्या लॅबमध्ये उपकरण नाही म्हणून रडणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आणि हॅनकॉकच्याच वेळी एक धडाही मिळाला. १९६६ साली बांधकाम चालू असताना एक कॉलम खचल्याचं लक्षात आलं. तपास केला तर खालच्या एका केसनच्या काँक्रीटमध्येच खोट निघाली. काम थांबवलं, सगळे केसन तपासले, दुरुस्त केले आणि मगच पुढचा मजला चढला. वरचं गणित कितीही देखणं असलं तरी शेवटचा शब्द जमिनीचा असतो. न्यू ऑर्लिन्सला जाताना हे लक्षात ठेवायचं आहे.

मिलवॉकी : होडीची उलांडी

शिकागोहून सरोवराच्या काठाकाठानं उत्तरेला दीडएकशे किलोमीटरवर मिलवॉकी आहे. जर्मन वस्ती, बियरचे कारखाने, यंत्रांचे कारखाने. १८९५ साली या शहरानं आपला सिटी हॉल बांधला. त्याचा विटांचा घड्याळाचा मनोरा ३५३ फूट उंच आहे. जागा नदीकाठची दलदलीची, म्हणून खाली पाइनच्या लाकडाच्या २,५८४ पाइल्स ठोकल्या होत्या. पुढची ७८ वर्षं शहरात त्याच्याहून उंच काही उभं राहिलं नाही. म्हणजे या स्कायलाइनवर तीन पिढ्या नगरपालिकेचं राज्य होतं.

१९७३ साली ते संपलं. फर्स्ट विस्कॉन्सिन बँकेनं सरोवराजवळ आपलं मुख्यालय बांधलं. ४२ मजले, ६०१ फूट. आज तिचं नाव यू. एस. बँक सेंटर. आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम, हॅनकॉक आणि सिअर्स टॉवरवर खानांच्या बरोबरीनं काम केलेला माणूस.

आता जरा खानांच्या जागी स्वतःला ठेवा. तुमच्याकडे ट्यूब आहे, तिरप्यांची ट्यूब आहे, सिअर्स टॉवरसाठी नऊ ट्यूबची मोळीही तयार आहे. समोर ४२ मजल्यांची बँक आहे. आपल्यातला कुणीही आपला सर्वात भारी शोध इथे वापरून मोकळा झाला असता. खानांनी तसं केलं नाही. एवढ्या उंचीला मोळी कशाला? आणि ट्यूब केली की बाहेरचे कॉलम दाट होतात, खिडक्या अरुंद होतात. इथे बाहेर मिशिगन सरोवर पसरलेलं. ते बघायला बँकेनं जागा घेतली आणि आपण कॉलमची जाळी लावायची, हे काही पटण्यासारखं नाही.

मग काय केलं? लिफ्ट, जिने आणि डक्ट यांचा गाभा प्रत्येक इमारतीत असतोच. तो वाऱ्यासाठी मजबूत केला. पण एकटा गाभा बारीक पडतो, एका पायावर उभ्या माणसासारखा डगमगतो. म्हणून ठरावीक उंचीवर गाभ्यातून बाहेरच्या कॉलमपर्यंत दणकट ट्रस काढले आणि त्याच पातळीवर इमारतीभोवती पट्ट्यासारखा ट्रस बांधला. आता वाऱ्यानं गाभा झुकू लागला की ट्रस एका बाजूचे कॉलम वर ओढतात आणि दुसऱ्या बाजूचे खाली दाबतात. जे कॉलम एरवी नुसतं वजन पेलत होते, ते वाऱ्याशीही लढू लागले.

याला आउटरिगर म्हणतात. हा इंग्रजी शब्द मुळात होडीचा. कोकणातल्या पोरांना हे सांगायची गरज नाही. तिथल्या लहान होडीला एका बाजूला आडव्या काठ्या बांधून त्यांच्या टोकाला एक ओंडका जोडतात, त्याला उलांडी म्हणतात. अरुंद होडी त्या उलांडीमुळे उलटत नाही. मिलवॉकीच्या टॉवरला खानांनी उलांड्या लावल्या, एवढं लक्षात ठेवलं तरी ओरलमध्ये उत्तर चुकणार नाही. हीच पद्धत त्यांनी त्याच सुमारास मेलबर्नच्या बीएचपी हाउसला वापरली होती.

टॉवरचा फोटो बघितलात तर खालच्या भागात, मध्यावर आणि माथ्यावर असे तीन तिरप्या मेंबरचे पट्टे स्पष्ट दिसतात. सजावटीसाठी ते लावलेले नाहीत. इमारत ज्याच्या जोरावर उभी आहे तेच उघडं ठेवलं आहे. आणि हे सगळं सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर.

न्यू ऑर्लिन्स : चिखलावरचा दगडी टॉवर

आता तिथून दीड हजार किलोमीटर दक्षिणेला जाऊ. न्यू ऑर्लिन्स हे शहर मिसिसिपीनं हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळावर बसलं आहे. वाळू, गाळ, चिकणमाती, परत वाळू. खडक पायाला मिळेल अशा खोलीवर नाहीच. भरीला पाणी जमिनीलगत आणि मोसमात चक्रीवादळं.

म्हणून इथली रेघ बराच काळ बुटकी राहिली. १९२१ साली हायबर्निया बँकेची २३ मजली इमारत झाली आणि चाळीसेक वर्षं शहराचा माथा तोच होता. जुना फ्रेंच क्वार्टर कायद्यानं जपलेला, त्यामुळे तिथे उंच काही होणं शक्य नव्हतं. मग १९६० च्या दशकात समुद्रातल्या तेलाचा पैसा आला आणि पॉयड्रास स्ट्रीट या रुंद रस्त्यावर टॉवर उगवू लागले. त्यातला सर्वात मोठा शेल कंपनीचा, वन शेल स्क्वेअर. १९७२, ५१ मजले, ६९७ फूट. हल्ली तो हॅनकॉक व्हिटनी सेंटर या नावानं ओळखला जातो.

इथे वरच्या प्रश्नाआधी खालचा प्रश्न होता. खडक नाही तर टॉवर उभा कशावर करायचा? १८ इंची अष्टकोनी, प्रिस्ट्रेस्ड काँक्रीटच्या शेकडो पाइल्स २१० फूट खोल ठोकण्यात आल्या. २१० फूट म्हणजे आपल्या हॉस्टेलसारख्या चार-पाच हॉस्टेल एकावर एक ठेवून जमिनीत गाडल्यासारखं. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. त्या शहराची स्कायलाइन निम्मीशिम्मी जमिनीखाली आहे असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

मग वरचा सांगाडा. सगळं काँक्रीट केलं तर ताठपणा चांगला, पण वजन फार, आणि प्रत्येक जादा टन त्या चिखलावर. सगळं पोलाद केलं तर वजन कमी, पण वादळवाऱ्यासाठी ताठपणा विकत घ्यावा लागणार. खानांनी दोघांचं लग्न लावलं. बाहेर काँक्रीटची ट्यूब, आत पोलादाचे बीम आणि कॉलम. आतला पोलादी सांगाडा भराभर वर चढतो, मागून बाहेरचं काँक्रीट ओतत जायचं. बाहेरची ट्यूब वाऱ्याशी झुंजते, आतलं हलकं पोलाद मजले पेलतं. याला कंपोझिट सिस्टिम म्हणतात आणि आज जगातल्या कितीतरी उंच इमारती पोलाद आणि काँक्रीट असंच मिसळून बांधल्या जातात. बाहेरून टॉवरला ट्रॅव्हर्टाइन हा पांढरट इटालियन दगड लावला आहे. त्यामुळे आत काय आहे ते मिलवॉकीसारखं उघडं दिसत नाही, पण दाट उभ्या कॉलमांची जाळी लपत नाही.

ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळानं बांध फुटले आणि शहराचा साधारण ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. माणसं गेली, वस्त्या गेल्या. चिखलात २१० फूट रोवलेला टॉवर मात्र जागेवर राहिला.

दोन रेघा शेजारी ठेवल्या तर

दोन्ही शहरांचे फोटो शेजारी ठेवून बघा. मिलवॉकीची रेघ पाण्यासमोर मोकळी पसरलेली. टॉवरच्या पायथ्याला सरोवराकडे २००१ सालचं, कालात्रावाचं पंखांसारखं कला संग्रहालय, मागे सिटी हॉलचा जुना मनोरा. न्यू ऑर्लिन्सची रेघ एका रस्त्याच्या कडेनं उभ्या राहिलेल्या भिंतीसारखी, आणि तिच्या शेजारीच दोन-तीन मजली जुन्या गल्ल्या. एकीकडे माथ्यावर बँक, दुसरीकडे तेल कंपनी. शहराला पैसा कुठून आला हे रेघेवर वाचता येतं.

सौंदर्याच्या बाबतीत मात्र खरं बोलायला हवं. दोन्ही इमारती शेवटी सपाट माथ्याचे खोकेच आहेत. नुसतं रूप बघणारा माणूस मिलवॉकीत सिटी हॉलच्या मनोऱ्याला जास्त मार्क देईल आणि त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि पन्नास वर्षं टिकलेल्या उंचीच्या विक्रमाचाही फार अभिमान बाळगू नये. १९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि न्यू ऑर्लिन्सला अजून उंच इमारतीची गरजच उरली नाही. मिलवॉकीत श्लिट्झची बियर १९८१ साली बंद झाली, यंत्रं बनवणारी अॅलिस-चामर्स ही जुनी कंपनी १९८७ साली दिवाळखोरीत गेली. २०२० च्या जनगणनेत मिलवॉकीची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास आली आणि न्यू ऑर्लिन्सची चार लाखांच्याही खाली. रेघ थांबली कारण शहर थांबलं. त्यात इंजिनिअरचं श्रेय नाही आणि दोषही नाही.

इंजिनिअरचं श्रेय वेगळ्या ठिकाणी आहे. एकाच माणसाच्या हाताखाली, जवळजवळ एकाच वेळी, दोन साधारण सारख्या उंचीच्या इमारती होत होत्या. एकीची ड्रॉइंग्ज थोडी बदलून दुसरीला लावणं सहज शक्य होतं. (आपल्याकडे याला काय म्हणतात ते जर्नल लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.) त्याऐवजी एकीला तिचा वारा आणि तिचं सरोवर बघून सांगाडा मिळाला, दुसरीला तिचा चिखल आणि तिचं वादळ बघून. किती मजल्यांना कोणती सिस्टिम योग्य, याचे तक्तेच खानांनी मांडले होते. ते आजही पुस्तकांत छापले जातात.

शेवटची दहा वर्षं

याच काळात सिअर्स टॉवर चालू होता. वेगवेगळ्या उंचीवर थांबणाऱ्या नऊ चौकोनी ट्यूबची मोळी, ११० मजले, ४४२ मीटर. १९७३ पासून १९९८ पर्यंत ती जगातली सर्वात उंच इमारत होती. २००९ पासून तिला विलिस टॉवर म्हणतात. १९७२ साली इंजिनिअरिंग न्यूज-रेकॉर्ड या नियतकालिकानं खानांना वर्षातला माणूस म्हणून निवडलं.

पण त्याआधीचं १९७१ साल त्यांना ड्रॉइंग बोर्डवर शांत बसू देणारं नव्हतं. पूर्व पाकिस्तानात कत्तली सुरू झाल्या होत्या. खान तोवर अमेरिकन नागरिक होते, कंपनीत भागीदार होते. गप्प बसले असते तरी चाललं असतं. त्यांनी शिकागोत बांगलादेशच्या मदतीसाठी संस्था उभी केली, पैसा गोळा केला, अमेरिकन राजकारण्यांपर्यंत विषय नेला. घरी रवींद्रसंगीत गाणारा हा माणूस आपली भाषा विसरला नव्हता. बांगलादेशनं १९९९ साली त्यांना मरणोत्तर स्वातंत्र्य पुरस्कार दिला.

त्यांचं शेवटचं मोठं काम उंच नाहीच. सौदी अरेबियात जेद्दाच्या विमानतळावर हज यात्रेकरूंसाठी टर्मिनल हवं होतं. लाखो माणसं, वाळवंटातलं ऊन. एअर कंडिशनिंग करायचं तर खर्चाला अंत नाही. खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेफ्लॉन चढवलेल्या फायबरग्लास कापडाचे २१० तंबू केबलवर टांगले. ऊन अडतं, गरम हवा वरून निघून जाते, खाली वारा खेळतो. शंभर मजल्यांच्या माणसानं जमिनीवरच्या माणसांसाठी तंबू ठोकला, कारण त्या जागेला तेच योग्य होतं.

त्याच जेद्दात, २७ मार्च १९८२ रोजी, कामानिमित्त गेलेले असताना हृदयविकाराच्या झटक्यानं त्यांचं निधन झालं. वय ५२. शिकागोच्या ग्रेसलँड स्मशानभूमीत त्यांना दफन केलं. गगनचुंबी इमारतींचा मूळपुरुष मानला जाणारा लुई सलिव्हन तिथेच आहे. सिअर्स टॉवरजवळच्या रस्त्याला शिकागोनं पुढे खानांचं नाव दिलं. त्यांची मुलगी यास्मिन स्ट्रक्चरल इंजिनिअर झाली आणि तिनं वडिलांच्या कामावर पुस्तक लिहिलं.

जाता जाता

मित्रांनो, आपल्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला ११० मजली इमारत येणार नाही. येईल तो आठ-बारा मजल्यांचा ब्लॉक, एखादा पूल, एखादी पाण्याची टाकी, नाहीतर एखाद्या मध्यम शहरातलं मध्यम काम. तिथे मागच्या प्रोजेक्टची फाइल उघडून नाव बदलायचा मोह होणार आणि वरिष्ठही तेच सांगणार. त्या वेळी मिलवॉकी आणि न्यू ऑर्लिन्स आठवावं. जागेवर जावं, माती हातात घ्यावी, वारा कुठून येतो ते बघावं, खिडकीतून काय दिसणार आहे तेही बघावं, आणि मग पेन्सिल उचलावी.

आणि हो, उंच इमारतींचं ते शेवटचं प्रकरण या वेळी जरा सावकाश वाचा. ओरलला विचारतीलच!